रेणूतील प्रोटॉनांचे युग्मनजाल : निवडक एकमितीय अनुस्पंदन-प्रयोगांचे स्वरूप व मर्यादा

१. विषयप्रवेश

कार्बनी संयुगाची रचना निश्चित करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे मुख्यतः दोन प्रश्न असतात. रेणूत हायड्रोजनाचे अणू किती आहेत व ते कोणकोणत्या परिस्थितीत आहेत, हा पहिला प्रश्न. आणि त्यांपैकी कोण कोणाचा शेजारी आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साध्या वर्णपटातून बहुधा मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच वर्णपटात दडलेले असते. परंतु रेणू थोडासा मोठा झाला की संकेतांची इतकी दाटी होते की ते उत्तर वाचता येईनासे होते. ही दाटी दूर सारून एका वेळी एकाच प्रोटॉनाकडे लक्ष द्यावयाचे आणि त्याच्याशी जोडलेल्या प्रोटॉनांची साखळी क्रमाने उलगडावयाची, हे निवडक एकमितीय प्रयोगांचे प्रयोजन होय.

या प्रयोगांत जे संकेत दिसतात त्यांचा अर्थ लावणे फारसे अवघड नसते. जे दिसत नाहीत त्यांचा अर्थ लावताना मात्र चूक होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून प्रयोगाचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगून, न दिसलेल्या संकेतांचा विचार प्रस्तुत लेखात काहीशा विस्ताराने केला आहे.

२. परिभाषेविषयी

आरंभीच काही संज्ञांचा अर्थ निश्चित करणे इष्ट आहे. मराठी शास्त्रीय लेखनात ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा लघुतम घटक आणि ‘रेणू’ म्हणजे अशा अणूंचा बंधांनी जोडलेला समूह. हिंदीत या दुसऱ्या अर्थी ‘अणु’ हाच शब्द रूढ असून पहिल्यासाठी ‘परमाणु’ योजतात. दोन्ही भाषांतील ग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘अनुस्पंदन’ या मराठी शब्दाऐवजी हिंदीत ‘अनुनाद’ आहे. प्रस्तुत विषयात नादाचा काही संबंध नसून बाहेरून आलेल्या स्पंदनास त्याच कंप्रतेने मिळालेला प्रतिसाद अभिप्रेत आहे. तेव्हा मराठीतील संज्ञा अधिक अन्वर्थक म्हणावी लागेल. ‘प्रोटॉन’ हा शब्द येथे हायड्रोजन अणूच्या अणुकेंद्रासाठी योजिला आहे. दोन प्रोटॉनांमध्ये बंधांतील इलेक्ट्रॉनांच्या द्वारे होणाऱ्या चुंबकीय अन्योन्यक्रियेस ‘युग्मन’ व तिच्या मापास ‘युग्मनांक’ म्हटले आहे.

३. मूलतत्त्वे

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले प्रोटॉनाचे चुंबकन, भोवरा डोलत फिरावा त्याप्रमाणे, त्या क्षेत्राभोवती ठराविक कंप्रतेने फिरत राहते. या गतीस परांचन म्हणतात. ११.७ टेस्ला इतक्या तीव्र क्षेत्रात ही कंप्रता सुमारे ५०० मेगाहर्ट्झ असते. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी घन व द्रव पदार्थांतील हे अनुस्पंदन १९४५-४६ मध्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे नोंदविले, व त्याबद्दल १९५२ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांस विभागून देण्यात आले.

रसायनशास्त्रास या शोधाचा खरा उपयोग कळला तो १९५१ मध्ये. स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नोल्ड, धर्माट्टी व पॅकार्ड यांनी त्या वर्षी इथाइल अल्कोहोलाच्या प्रोटॉनांचा एकच संकेत नसून तीन वेगळे संकेत आहेत, आणि त्यांची क्षेत्रफळे ३ : २ : १ या प्रमाणात आहेत, हे दाखविले. एका मिथिल गटाचे तीन, मिथिलीन गटाचे दोन व हायड्रॉक्सिल गटाचा एक प्रोटॉन, असा त्याचा सरळ अर्थ होता. या तिघांपैकी श्री. श्री. धर्माट्टी हे पुढे भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. प्रोटॉनाभोवतीच्या इलेक्ट्रॉनांमुळे त्याच्या कंप्रतेत पडणाऱ्या या फरकास रासायनिक विस्थापन म्हणतात व ते दशलक्षांशांत मोजतात. ५०० मेगाहर्ट्झच्या उपकरणात १ दशलक्षांश म्हणजे ५०० हर्ट्झ होत.

विस्थापनावरून प्रोटॉनाची परिस्थिती समजते. शेजार समजतो तो युग्मनावरून. शेजारच्या कार्बनावरील प्रोटॉनाचे परिवलन दोनपैकी कोणत्या अवस्थेत आहे, याची वार्ता बंधांतील इलेक्ट्रॉन पोहोचवितात. त्यामुळे संकेताची एक रेषा फुटून दोन होतात. त्या दोन रेषांतील अंतर म्हणजे युग्मनांक. तो हर्ट्झमध्ये मोजतात व तो बाहेरील क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून नसतो. सामान्यतः तीन बंधांपलीकडे हे युग्मन नगण्य होते. म्हणजेच लगतच्या दोन कार्बनांवरील प्रोटॉन एकमेकांस ओळखतात. मध्ये ऑक्सिजन, अथवा एकही हायड्रोजन नसलेला कार्बन, आला की ओळख तुटते. अशा रीतीने परस्परांशी साखळीने बांधलेल्या प्रोटॉनांच्या समूहास युग्मनजाल म्हणता येईल.

४. निवड कशी होते

सर्व प्रोटॉनांना एकदम उद्दीपित करणारा रेडिओ-कंप्रतेचा स्पंद सुमारे १० मायक्रोसेकंद टिकतो. तो इतका अल्पकालीन असल्यामुळेच त्याचा प्रभाव विस्तीर्ण कंप्रतापट्टीवर पडतो. स्पंदाचा काल आणि त्याच्या प्रभावाची रुंदी यांचे प्रमाण व्यस्त असते. यास्तव स्पंद सौम्य करून सुमारे ५० मिलिसेकंद लांबविला, तर त्याचा प्रभाव २० ते ४० हर्ट्झच्या अरुंद पट्टीपुरताच राहतो. स्पंद एकाएकी सुरू करून एकाएकी थांबविला तर पट्टीच्या दोन्ही बाजूंस नको असलेले पडसाद उमटतात. ते टाळण्यासाठी त्याची तीव्रता हळूहळू वाढवून हळूहळू उतरवितात. घंटेच्या आकाराच्या, म्हणजेच गाउसी, स्पंदांचा असा उपयोग १९८४ मध्ये रे फ्रीमन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिला. १९८६ मध्ये होर्स्ट केसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच स्पंदांच्या साहाय्याने द्विमितीय प्रयोगांची एकमितीय रूपे सिद्ध केली.

एवढ्याने निवड पूर्णतः शुद्ध होत नाही; न निवडलेल्या प्रबळ संकेतांचे अवशेष मागे राहतात. यावर १९९५ मध्ये ह्वांग व शाका यांनी सुचविलेली योजना आज सर्वत्र वापरली जाते. तीत प्रथम सर्वच प्रोटॉनांना उद्दीपित करतात आणि नंतर नमुन्याच्या नळीत उंचीप्रमाणे बदलत जाणारे प्रवण चुंबकीय क्षेत्र क्षणभर लावतात. त्यामुळे नळीच्या प्रत्येक थरातील परांचनाचा वेग निराळा होऊन कलांचा मेळ बिघडतो, व एकूण संकेत शून्यवत होतो. यानंतर केवळ निवडलेल्या कंप्रतेस उलटविणारा स्पंद देऊन तेच प्रवण क्षेत्र पुन्हा लावतात. जे उलटले त्यांच्या बाबतीत दुसरे क्षेत्र पहिल्याने केलेली विस्कट नेमकी भरून काढते; जे उलटले नाहीत ते अधिकच विस्कटतात. हीच क्रिया निराळ्या तीव्रतेच्या क्षेत्रांनी एकदा पुन्हा केली म्हणजे निवडलेला संकेत तेवढा शिल्लक राहतो.

येथे एका गोष्टीचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. सामान्य तापमानास व ५०० मेगाहर्ट्झच्या उपकरणात, दोन परिवलन-अवस्थांतील प्रोटॉनांच्या संख्येत एक लक्षामागे सुमारे ४ इतकाच फरक असतो, आणि सर्व संकेत या अत्यल्प फरकातून निर्माण होतो. म्हणून मोजणी अनेकवार करून तिची बेरीज घ्यावी लागते. संकेत दिसला नाही, यामागे पुरेशी मोजणी झाली नाही, इतके साधे कारणही असू शकते.

५. चुंबकन पुढे कसे सरकते

निवडलेल्या प्रोटॉनाचे चुंबकन त्याच्या शेजाऱ्यास द्यावयाचे, ही प्रयोगाची दुसरी पायरी. यासाठी एकाच दोरीला टांगलेल्या दोन लंबकांचा दृष्टांत उपयोगी पडतो. लंबकांची लांबी भिन्न असेल, तर एकाला दिलेला झोका बहुतांशी त्याच्यापाशीच राहतो. लांबी सारखी असेल, तर पहिल्याचा झोका क्षीण होत होत दुसऱ्याकडे जातो, आणि काही काळाने परत येतो. प्रोटॉनांच्या कंप्रता भिन्न असल्यामुळे त्यांची स्थिती एरव्ही भिन्न लांबीच्या लंबकांसारखी असते. परंतु सुनियोजित स्पंदांची अखंड मालिका देत राहिले असता कंप्रतांतील हा भेद तात्पुरता पुसला जातो, आणि युग्मन तेवढे शिल्लक राहते. मग चुंबकन एका प्रोटॉनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे सरकू लागते. ब्राउनश्वायलर व रिखार्ड एर्न्स्ट यांनी ही पद्धती १९८३ मध्ये मांडली. १९८५ मध्ये बॅक्स व डेव्हिस यांनी तिला अधिक कार्यक्षम रूप दिले. प्रयोगशाळांत ती ‘टॉक्सी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. स्पंदमालिका जितका वेळ चालू ठेवावयाची त्या कालावधीस मिश्रणकाल म्हणतात.

दोनच प्रोटॉनांचा विचार केला, तर युग्मनांकाचा दुपटीने एकास भाग दिला असता येईल तितक्या सेकंदांनी चुंबकन पूर्णपणे दुसऱ्याकडे गेलेले असते. युग्मनांक ८ हर्ट्झ असेल तर हा काल ६२.५ मिलिसेकंद येतो. १ हर्ट्झ असेल तर ५०० मिलिसेकंद. मिश्रणकाल १०० मिलिसेकंदच ठेवला, तर १ हर्ट्झचे युग्मन असलेल्या शेजाऱ्याकडे जेमतेम एक-दशांश चुंबकन पोहोचते. आणि प्रत्यक्षात शिथिलनामुळे होणारी घट लक्षात घेता तेवढेही हाती लागत नाही. पुढील सर्व विवेचनाचा आधार हाच आहे.

६. दुग्धशर्करेचे उदाहरण

प्रयोगाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी दुधातील शर्करेचे, म्हणजे लॅक्टोजचे, उदाहरण घेणे सोयीचे आहे. या रेणूत गॅलॅक्टोज व ग्लुकोज अशी दोन वलये एका ऑक्सिजनाने जोडलेली असतात. रेणूत हायड्रोजनाचे २२ अणू असून त्यांपैकी ८ हायड्रॉक्सिल गटांत असतात. जड पाण्यात विरघळविल्यावर त्या ८ अणूंची जागा ड्यूटेरियम घेतो व ते वर्णपटातून नाहीसे होतात. उरलेले १४ प्रोटॉन दोन वलयांत सात-सात असे विभागलेले असतात. याशिवाय ग्लुकोजाच्या पहिल्या कार्बनाची मांडणी द्रावणात अल्फा व बीटा अशा दोन प्रकारांनी असल्यामुळे वर्णपटात दोनऐवजी तीन युग्मनजाले प्रकट होतात.

यांपैकी बहुतेक प्रोटॉनांचे संकेत ३.५ ते ४.० या अर्ध्या दशलक्षांशाच्या पट्टीत एकमेकांवर चढलेले असतात. सुदैवाने प्रत्येक वलयाच्या पहिल्या कार्बनावरील प्रोटॉन या गर्दीच्या बाहेर असतो. अल्फा-ग्लुकोजाचा तो ५.२२ च्या आसपास, बीटा-ग्लुकोजाचा ४.६७ च्या व गॅलॅक्टोजाचा ४.४५ च्या आसपास आढळतो. ही तीन दारे होत. प्रत्येकातून एकेका वलयात स्वतंत्रपणे प्रवेश करता येतो.

प्रथम ४.६७ वरील संकेत निवडावा. पाण्याचा उरलासुरला संकेत २५ अंश सेल्सियसला ४.७९ च्या जवळपास असतो, म्हणजे केवळ ६० हर्ट्झ दूर. तापमान एका अंशाने वाढले की तो सुमारे ०.०१ दशलक्षांशाने कमी विस्थापनाकडे, म्हणजे निवडलेल्या संकेताच्या दिशेने, सरकतो. म्हणून प्रयोगभर तापमान स्थिर ठेवणे अगत्याचे आहे. मिश्रणकाल २० मिलिसेकंद ठेवला असता मूळ संकेताखेरीज मुख्यतः ३.२८ वरील एकच संकेत उठतो. तो दुसऱ्या कार्बनावरील प्रोटॉन होय. मिश्रणकाल वाढवीत नेला की ३.६ ते ३.७ च्या दरम्यान तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या कार्बनांवरील प्रोटॉन उगवतात, आणि १०० मिलिसेकंदांच्या पुढे ३.९६ व ३.७९ च्या आसपास सहाव्या कार्बनावरील दोन्ही प्रोटॉनही दृग्गोचर होतात. मधल्या तीन प्रोटॉनांची विस्थापने फारच जवळ असल्यामुळे त्यांचा आपसांतील क्रम केवळ या प्रयोगाने ठामपणे लावता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि हे सातही प्रोटॉन एकाच वलयाचे आहेत, एवढे निःसंशय सिद्ध होते.

आता ४.४५ वरील, म्हणजे गॅलॅक्टोजाचा, संकेत निवडावा. मिश्रणकाल वाढवीत गेले असता ३.५४, ३.६६ व ३.९२ येथील संकेत क्रमाने प्रकट होतात. हे अनुक्रमे दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या कार्बनांवरील प्रोटॉन होत. साध्या वर्णपटात ३.९२ च्या लगतच ग्लुकोजाच्या सहाव्या कार्बनाचे संकेत असल्यामुळे गॅलॅक्टोजाच्या चौथ्या प्रोटॉनाचे युग्मन वाचणे कठीण जाते. येथे मात्र तो एकटा, स्वच्छ उभा असतो व त्याचा सुमारे ३.४ हर्ट्झचा युग्मनांक सहज मोजता येतो. परंतु चौथ्या प्रोटॉनापाशी साखळी थांबते. ज्या मिश्रणकालात ग्लुकोजाची साखळी सहाव्या कार्बनापर्यंत पोहोचली, त्याच मिश्रणकालात गॅलॅक्टोजाचा पाचवा प्रोटॉन जवळजवळ मुका राहतो.

७. मौनाचा अर्थ

एखाद्या अज्ञात संयुगाच्या बाबतीत हाच अनुभव आला तर अननुभवी अभ्यासक काय म्हणेल? साखळीत चारच प्रोटॉन आहेत, तेव्हा पाचव्या जागी ऑक्सिजन किंवा हायड्रोजनरहित कार्बन असला पाहिजे, असे अनुमान तो काढील. आणि ते सर्वस्वी चुकीचे ठरेल. चौथा व पाचवा कार्बन येथे एकमेकांस सरळ बांधलेले आहेत, दोहोंवर एकेक प्रोटॉन आहे, आणि तरीही संकेत पोहोचत नाही. याचे कारण बंधाच्या अभावात नसून वलयाच्या आकारात आहे.

शेजारच्या दोन कार्बनांवरील प्रोटॉनांचे युग्मन त्यांच्या बंधांच्या पातळ्यांमधील कोनावर अवलंबून असते. हा संबंध मार्टिन कार्प्लस यांनी १९५९ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडला. तत्पूर्वी १९५८ मध्ये रेमंड लेम्यू व त्यांचे सहकारी यांनी शर्करांच्या वर्णपटांत त्याचा प्रत्यय घेतला होता. कोन १८० अंशांचा असता युग्मनांक मोठा, ६० अंशांचा असता लहान व ९० अंशांच्या आसपास जवळजवळ शून्य असतो. बीटा-ग्लुकोजात पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचे सर्व प्रोटॉन अक्षीय, म्हणजे वलयाच्या पातळीस जवळजवळ लंब व आळीपाळीने वर-खाली असतात. परिणामी लगतच्या प्रत्येक जोडीतील कोन १८० अंशांच्या जवळ जातो, युग्मनांक ८ ते ९.५ हर्ट्झ भरतो, आणि चुंबकन विनासायास पुढे सरकते.

गॅलॅक्टोज व ग्लुकोज यांत फरक आहे तो चौथ्या कार्बनापुरता. गॅलॅक्टोजात तेथील हायड्रॉक्सिल गट अक्षीय असतो व प्रोटॉन वलयाच्या पातळीलगत, परिघाकडे वळलेला असतो. साहजिकच तिसऱ्या व पाचव्या, अशा दोन्ही शेजाऱ्यांशी त्याचा कोन सुमारे ६० अंशांचा होतो. असे असूनही तिसऱ्याशी त्याचे युग्मन ३.४ हर्ट्झ व पाचव्याशी अवघे १ हर्ट्झच्या आसपास का असावे? याचे उत्तर ऑक्सिजन अणूंच्या स्थानात आहे. युग्मित प्रोटॉनाच्या बरोबर विरुद्ध दिशेस ऑक्सिजनासारखा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा अणू असला, तर युग्मन आणखी घटते. तिसरा व चौथा या जोडीत अशी स्थिती एकदा येते. चौथा व पाचवा या जोडीत ती दोनदा येते, कारण पाचव्या प्रोटॉनाच्या विरुद्ध चौथ्या कार्बनाचा ऑक्सिजन आणि चौथ्या प्रोटॉनाच्या विरुद्ध वलयातील ऑक्सिजन असतो.

मॅनोज या तिसऱ्या शर्करेत हाच प्रकार साखळीच्या आरंभी घडतो. तेथे पहिल्या व दुसऱ्या प्रोटॉनांतील युग्मन १ ते २ हर्ट्झ असल्यामुळे पहिल्या दारातून आत शिरलेले चुंबकन दुसऱ्या प्रोटॉनापाशीच अडखळते. ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि मॅनोज या तिघांचेही रेणुसूत्र एकच आहे. वजनावरून त्यांस वेगळे ओळखता येत नाही. साखळी कोठे थांबते, यावरून मात्र ती ओळख पटते : ग्लुकोजाची सहाव्यापर्यंत जाते, गॅलॅक्टोजाची चौथ्यापाशी थांबते, मॅनोजाची दुसऱ्यापाशी. ही ओळख केवळ शास्त्रीय कुतूहलाची बाब नव्हे. एका हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा हा भेद शरीरातील विकरे काटेकोरपणे पाळतात; ज्या अर्भकांत गॅलॅक्टोजाचे रूपांतर करणारे विकर जन्मतः निकामी असते, त्यांस मातेचे दूधही घातक ठरू शकते.

मौनास अर्थ असतो, ही कल्पना भारतीय शास्त्रपरंपरेस अपरिचित नाही. पाणिनीय व्याकरणात लोप म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. जेथे काही असावयास हवे त्या निश्चित स्थानी झालेले ते अदर्शन होय, आणि लोप झालेल्या घटकाचे कार्य पुढेही चालू राहू शकते. रिक्त स्थानास स्थान म्हणून ओळखता आले तरच त्या रिक्ततेचा अर्थ लागतो. अनुस्पंदनाच्या वर्णपटासही हा विवेक तंतोतंत लागू पडतो. न दिसलेल्या संकेताकडे पाहताना तो कोणत्या प्रकारचा अभाव आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे.

असे प्रकार मुख्यतः चार संभवतात. साखळी खरोखरच तुटलेली असणे, हा पहिला. कोनामुळे अथवा ऑक्सिजनाच्या स्थानामुळे युग्मन अतिशय लहान असणे, हा दुसरा. निवडलेला मिश्रणकाल अनुकूल नसणे, हा तिसरा; लंबकाचा झोका ज्याप्रमाणे परत येतो त्याप्रमाणे चुंबकनही मागे फिरत असल्यामुळे, एखाद्या विशिष्ट मिश्रणकालास संकेत क्षीण दिसून पुढे पुन्हा वाढू शकतो. चौथा प्रकार म्हणजे शिथिलनाने चुंबकन वाटेतच नष्ट होणे; मोठ्या रेणूंच्या बाबतीत तो विशेष जाणवतो. पहिल्या दोहोंत रेणूची माहिती असते, उरलेल्या दोहोंत केवळ प्रयोगाची. यांतील भेद एका वर्णपटावरून कळत नाही. यासाठी निदान तीन-चार भिन्न मिश्रणकालांस प्रयोग करावा, आणि शक्य तेव्हा साखळीच्या दुसऱ्या टोकाकडूनही प्रवेश करून पाहावा.

दुसऱ्या जातीचा पुरावाही जोडीस घेता येतो. बंधांतून नव्हे तर अवकाशातून, जवळ असलेल्या दोन प्रोटॉनांमध्ये जी अन्योन्यक्रिया होते, तिला ‘ओव्हरहाउझर परिणाम’ म्हणतात. गॅलॅक्टोजाचे पहिला, तिसरा व पाचवा हे प्रोटॉन वलयाच्या एकाच बाजूस परस्परांजवळ असतात. चौथा व पाचवाही निकट असतात. म्हणून प्रथम ४.४५ वरून टॉक्सीने चौथ्या प्रोटॉनापर्यंत जावे, तेथे पुन्हा निवडक स्पंद देऊन त्यासच वेगळे काढावे, आणि तेथून ओव्हरहाउझर परिणामाने पाचव्याकडे ओलांडून जावे, असा दुहेरी निवडीचा प्रयोग करता येतो. ज्या दरीवर बंधांतून पूल नाही ती अवकाशातून ओलांडली जाते. गॅलॅक्टोजाचा पहिला प्रोटॉन ग्लुकोजाच्या चौथ्या प्रोटॉनाजवळ असल्यामुळे दोन वलये कोठे जोडलेली आहेत हेही याच मार्गाने समजते. मात्र १,००० ते २,००० रेणुभाराच्या आसपास हा परिणाम शून्याजवळ जाऊ शकतो, व तेथे त्याचेही मौन फसवे ठरते. अशा वेळी त्याच परिणामाचे परांचनाच्या फिरत्या चौकटीत केलेले मापन अधिक विश्वसनीय असते.

८. फसवे संकेत आणि द्विमितीय पद्धतीशी तुलना

जे दिसते तेही नेहमीच खरे मानता येत नाही, एवढी पुस्ती येथे जोडली पाहिजे. निवडक स्पंदाच्या पट्टीत दुसऱ्या एखाद्या प्रोटॉनाचा संकेत अंशतः आला, तर त्याचीही साखळी उद्दीपित होऊन दोन जालांचे मिश्रण समोर येते. तसेच मिश्रणाच्या अवधीत निर्माण होणाऱ्या शून्य-क्वांटम अवस्थांमुळे रेषांचे आकार विकृत होतात, आणि युग्मनांक चुकीचे मोजले जातात. हा दुसरा दोष दूर करणारी सोपी योजना थ्रिपलटन व कीलर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या दोषावर, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या संकेतांतून एकच वेगळा काढण्यावर, मँचेस्टर येथील संशोधकांनी २०२१ मध्ये परिणामकारक उपाय सुचविला आहे.

द्विमितीय पद्धती उपलब्ध असता एकमितीय प्रयोगांची आवश्यकता काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. द्विमितीय वर्णपटाची मूळ कल्पना जीन जीनर यांनी १९७१ मध्ये मांडली, आणि एर्न्स्ट यांनी तिचा विकास केला. १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एर्न्स्ट यांस मिळाले. या पद्धतीत सर्व प्रोटॉनांच्या साखळ्या एकाच आलेखात मिळतात. परंतु तिच्या दुसऱ्या मितीतील प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्र मोजणी करावी लागते. ५,००० हर्ट्झची रुंदी २५६ बिंदूंत विभागली, तर दोन बिंदूंमधील अंतर सुमारे २० हर्ट्झ होते. ८ हर्ट्झचे द्विक तेथे कसे दिसणार? एकमितीय वर्णपटात हेच अंतर अर्ध्या हर्ट्झहूनही कमी ठेवता येते, आणि नमुना पुरेसा असेल तर काही मिनिटांत काम होते. एखाद-दुसऱ्या निश्चित प्रश्नाचे उत्तर हवे असेल, संकेत दाटलेले असतील व युग्मनांक अचूक मोजावयाचे असतील, तर निवडक प्रयोग श्रेयस्कर होय. याउलट रेणू सर्वस्वी अज्ञात असेल, किंवा प्रवेशासाठी एकही मोकळे दार नसेल, तर प्रथम द्विमितीय आलेख घेणे शहाणपणाचे ठरते. वस्तुतः या दोन पद्धती परस्परपूरक आहेत. जेथे उच्च क्षेत्राच्या उपकरणावर अनेक विभागांचे संशोधक अवलंबून असतात व प्रत्येकाच्या वाट्यास मोजकेच तास येतात, तेथे कोणता प्रश्न कोणत्या पद्धतीने विचारावा याचा आधी विचार करणे विशेष हितावह आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की निवडक एकमितीय प्रयोगाचे सामर्थ्य त्याच्या मर्यादितपणातच आहे. तो एका प्रोटॉनास एकच प्रश्न विचारतो, आणि त्यामुळे मिळालेल्या उत्तराइतकेच न मिळालेले उत्तरही नेमक्या जागी नोंदविता येते. साखळी चौथ्या प्रोटॉनापाशी थांबली, हे निरीक्षण होय. ती तेथे तुटली आहे, हे अनुमान होय. या दोहोंमध्ये मिश्रणकाल, कोन, शिथिलन आणि दुसऱ्या टोकाकडून घेतलेला पुरावा यांची तपासणी असली पाहिजे. संशोधनाच्या नोंदवहीत व प्रबंधात ‘संकेत आढळला नाही’ असे लिहिताना कोणकोणत्या मिश्रणकालांस, किती मोजण्यांनंतर व कोणत्या तापमानास तो आढळला नाही, हेही त्याच वाक्यात लिहिले जावे. तेवढे लिहिले तर पुढील अभ्यासकास त्या मौनाचा अर्थ नव्याने लावता येईल.